चान्स घेण्याआधीचे तीन महिने: आहार, व्यायाम आणि त्यामागचं साधं शास्त्र

पाळी चुकते, चार-आठ दिवस वाट पाहिली जाते, मग घरी चाचणी होते. दोन रेघा उमटल्या की त्या दिवसापासून खाण्यापिण्याची काळजी सुरू होते. बहुतेक वेळा क्रम हाच असतो. पण पोटातल्या बाळाचं वेळापत्रक याच्या पुष्कळ पुढे धावत असतं. गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला एक पन्हळ तयार होते, तिच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना जुळतात आणि बंद नळी बनते. पुढे तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. हे काम गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत पुरं होतं. पाळी नियमित असणाऱ्या बाईच्या हिशेबात सांगायचं तर पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. चाचणी करून, डॉक्टरांची वेळ घेऊन, गोळ्या हातात पडेपर्यंत ती नळी बंद झालेलीही असू शकते.

म्हणून मूल हवं असं ठरलं की तयारी दिवस जाण्याआधीच सुरू करायची. या विषयावर इतके सल्ले फिरत असतात की कोणाचंही डोकं भणाणून जावं. भक्कम आधार असलेल्या गोष्टी मात्र मोजक्याच आहेत. पन्नास गोष्टी अर्धवट करत बसण्यापेक्षा त्या मोजक्या गोष्टी न चुकता कराव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात आधी फॉलिक ॲसिड

वर सांगितलेली नळी नीट बंद झाली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर दोष राहतात. स्पायना बिफिडा हा त्यातलाच एक. फॉलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व. नव्या पेशी भराभर तयार होत असताना त्याची गरज फार मोठी असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांमध्ये एक मोठी चाचणी केली होती. आधीच्या गरोदरपणात बाळाला असा दोष असलेल्या स्त्रिया तिच्यात होत्या. १९९१ मध्ये निकाल आले: गरोदर राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी होतं. आहाराच्या क्षेत्रात इतका स्पष्ट निकाल क्वचितच मिळतो.

सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी सुरू करायची, दोन-तीन महिने आधी केली तर अधिक चांगलं, आणि गरोदरपणाचे पहिले १२ आठवडे चालू ठेवायची. काही जणींना याच्या दहापट किंवा त्याहून जास्त मात्रा लागते: आधीच्या बाळाला किंवा स्वतःला हा दोष असेल, मधुमेह असेल, फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचून घ्या.

‘मी भरपूर पालेभाज्या खाते, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पालेभाज्या, कडधान्यं, डाळी, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व असतंच आणि ते सगळं खायलाच हवं. पण शिजवताना त्यातला बराच भाग उष्णतेने आणि पाण्यातून निघून जातो, आणि उरलेला गोळीतल्याइतका चांगला शोषला जात नाही. त्यामुळे ताट कितीही चांगलं असलं तरी या एका बाबतीत गोळी हवीच.

तीन महिने हा आकडा कुठून आला

बीजांडकोशात स्त्रीबीज ज्या पिशवीत वाढतं, तिच्या वाढीचा शेवटचा टप्पा जवळपास तीन महिन्यांचा असतो. पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पूर्ण तयार होऊन बाहेर पडायला आणखी थोडे. म्हणजे या महिन्यात जे बीज बाहेर पडेल त्याची तयारी तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असते. रक्तातलं लोह भरून काढायलाही साधारण इतकाच वेळ जातो.

आहाराने स्त्रीबीजांची संख्या मात्र वाढत नाही. ती जन्मापासूनच ठरलेली असते आणि वयाबरोबर घटत जाते. ‘स्त्रीबीजं वाढवणारा’ म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे घरीच ठेवा.

मेंदू काय पाहतो

आहाराचा आणि गर्भधारणेचा खरा सांधा इथे आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडायचं की नाही, हे मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग ठरवतो. तो ठरावीक अंतराने संदेश सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते आणि त्यांच्या जोरावर बीजांडकोश काम करतात. हे करताना मेंदू एक गोष्ट सतत तपासत असतो: शरीरात पुरेशी ऊर्जा येते आहे का? कोठीत धान्य नसेल तर घरात पंगत मांडत नाहीत, तसाच त्याचा हिशेब. ऊर्जा कमी पडतेय असं वाटलं की संदेशांची लय मंदावते. पाळी लांबते किंवा थांबते. कधीकधी पाळी वेळेवर येत राहते, पण बीज बाहेरच पडत नाही, आणि हे वरून कळत नाही.

यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. नियमित पाळी असलेल्या निरोगी तरुणींचा आहार आणि व्यायाम काटेकोर मोजून त्यांना पाच दिवस कमी-अधिक ऊर्जेवर ठेवलं गेलं. व्यायामाचा खर्च वजा करून उरलेली ऊर्जा, शरीरातली चरबी सोडून जे वजन उरतं त्याच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींच्या खाली गेली, तेव्हा एलएचची लय बिघडली. केवळ पाच दिवसांत, आणि वजनात दिसण्यासारखा मोठा फरक पडण्याआधी. हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडतो असं नाही, तेव्हा वही-पेन घेऊन कॅलरी मोजायला बसू नका. पण ‘आधी दोन महिने कडक डायट करून वजन उतरवते, मग चान्स घेऊ’ हा बेत शरीराला कसा दिसतो, ते यावरून कळतं. उपासमार चालू असताना शरीर बाळाचा विचार करत नाही. त्यात अशा डायटने लोह, ब-१२, आयोडीन यांचे साठेही रिकामे होतात, आणि नेमके तेच पुढच्या नऊ महिन्यांत लागणार असतात.

दुसरी बाजू: इन्सुलिन आणि पीसीओएस

ऊर्जा सतत गरजेपेक्षा जास्त येत राहिली तर बिघाड वेगळ्या वाटेने होतो. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला पेशी दाद देईनाशा होतात, म्हणून शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि बीज अर्ध्या वाढीत अडकतं. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाचं काम आणि पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा विकार, असणाऱ्या अनेकींच्या लांबलेल्या पाळ्यांमागे हे चक्र असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो. तेव्हा तुम्हाला तो असेल तर तुम्ही एकट्या नाही.

दिलासा देणारी गोष्ट ही की हे चक्र सुटायला वजन ‘आदर्श’ होण्याची वाट पाहावी लागत नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी रुळावर येते. ८० किलो वजनाच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो. आणि त्यासाठी अमुकच डायट हवा असंही नाही. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी कोणताही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. जो तुम्हाला वर्षभर आनंदाने पाळता येईल, तो चांगला.

नेदरलँड्समध्ये एक मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये तिचे निकाल आले. स्थूल असलेल्या आणि दिवस राहत नसलेल्या स्त्रियांपैकी एका गटाने आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम केला, मग उपचार घेतले; दुसऱ्या गटाने थेट उपचार घेतले. पहिल्या गटात उपचारांशिवाय आपोआप दिवस राहिलेल्या स्त्रिया जास्त होत्या. पण दोन वर्षांत नैसर्गिक प्रसूती होऊन सुदृढ बाळ हाती आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात जास्त निघालं नाही. मी याचा अर्थ असा घेते: वजन कमी करणं फायद्याचं आहे, पण त्यापायी वर्षंच्या वर्षं थांबणं नाही. विशेषतः वय पस्तिशीच्या पुढे असेल तर हा तोल डॉक्टरांशी बसून ठरवावा.

वजन कमी करायची इंजेक्शनं हल्ली बरीच वापरली जातात, त्यांच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गरोदरपणात ती चालत नाहीत. ब्रिटनच्या औषध नियामकांचा सल्ला असा आहे की सेमाग्लुटाइड चान्स घेण्याच्या दोन महिने आधी थांबवावं, टिरझेपाटाइड एक महिना आधी, आणि तोवर गर्भनिरोधक वापरावं. तुमचं इंजेक्शन कोणतं, ते बंद केल्यावर पुढे काय, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचाराच.

ताटात काय असावं

अमेरिकेत परिचारिकांच्या आहाराचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या मूल हवं असणाऱ्या साडेसतरा हजारांवर स्त्रियांची माहिती तपासून २००७ मध्ये काही निष्कर्ष मांडले गेले. ज्यांच्या खाण्यात ट्रान्स फॅट कमी, वनस्पतीजन्य प्रथिनं जास्त, साखर आणि मैद्याऐवजी कोंड्यासकट धान्यं होती आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांच्यात बीज बाहेर न पडल्यामुळे येणारं वंध्यत्व कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, यामुळेच ते घडलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय तो फक्त बीज बाहेर पडण्याशी संबंधित अडचणींबद्दल आहे. तरी त्यातला सल्ला हृदयाला, साखरेला आणि पुढच्या गरोदरपणालाही मानवणारा आहे, म्हणून तो पाळण्यात तोटा काही नाही.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळं, पाव भाग डाळी, कडधान्यं, अंडी, मासे किंवा मांस यांपैकी काहीतरी, आणि पाव भाग अख्खं धान्य. दूध-दही रोज. मूठभर दाणे किंवा तेलबिया. वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड तेल’ असं लिहिलेलं दिसलं तर ती वस्तू परत ठेवा, कारण ट्रान्स फॅट तिथेच असतं. जेवणाच्या वेळा फार पुढे-मागे करू नका आणि सकाळी उपाशी राहून दिवसाची भरपाई रात्री करू नका.

लोहाकडे वेगळं लक्ष द्यायला हवं, कारण पाळीतून ते दर महिन्याला जात असतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वर आणून मग गरोदरपणात जाणं केव्हाही बरं. गरोदरपणात रक्ताचं आकारमान वाढल्याने हा आकडा आणखी खाली येतो. भाज्या-डाळींमधलं लोह शरीर सहज घेत नाही, पण त्याच जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा संत्र्यासारखं काही आंबट असेल तर ते चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणाला लागून घेतली तर उलटं होतं. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. एवढा छोटा बदल, आणि त्याला काही खर्चही नाही.

शाकाहारी असाल तर ब-१२ तपासून घ्या. ते मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं, त्यामुळे दूध-अंडीही न खाणाऱ्यांना गोळी लागतेच. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. आयोडीनपासून थायरॉईडचं संप्रेरक बनतं आणि पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी तोवर पुरेशी कामाला लागलेली नसते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या.

काही गोष्टी जास्त झाल्या तर त्रासदायक ठरतात. रेटिनॉलच्या रूपातलं अ जीवनसत्त्व जास्त प्रमाणात गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. त्यामुळे काळीज, कॉड लिव्हर ऑइल आणि जास्त मात्रेच्या अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या या काळात टाळा. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतल्या बीटा कॅरोटीनची मात्र भीती नाही. मासे आठवड्यातून दोनदा चांगले, पण शार्कसारखे मोठे शिकारी मासे नकोत, कारण त्यांच्यात पारा साठतो. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. मोठा मगभर इन्स्टंट कॉफीत सुमारे १०० आणि चहात ७५ असतं. दारूची सुरक्षित अशी मात्रा ठाऊक नाही, म्हणून चान्स घ्यायला लागल्यापासून ती बंदच बरी. सिगारेट तर दोघांनीही सोडायची. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती एक ते चार वर्षं लवकर येते, म्हणजे धूर बीजांडकोशापर्यंत पोचतोच.

व्यायाम: किती पुरे आणि किती जास्त

स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतात. हा परिणाम व्यायाम संपल्यावरही दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास घाम गाळण्यापेक्षा एक दिवसाआड, शक्य तर रोज, अर्धा तास हालचाल करणं जास्त कामाचं. आणि वजन एक किलोही उतरलं नाही तरी हा फायदा मिळतो. काट्याकडे पाहून ज्यांनी व्यायाम सोडून दिला आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही: चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. भरभर चालणं, पोहणं, सायकल, नाच, जिने चढणं, काहीही चालेल. स्नायूंसाठी उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, हलकी वजनं पुरतात. मांड्या आणि नितंबांचे स्नायू शरीरात सगळ्यात मोठे, म्हणून साखर खेचण्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांना विसरू नका.

जास्त कधी होतं? डेन्मार्कमधल्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, २०१२ मध्ये, असं दिसलं की मध्यम व्यायाम करणाऱ्या सगळ्याच वजनगटांत दिवस राहण्याची शक्यता थोडी वाढली होती. पण वजन प्रमाणात असलेल्या स्त्रिया आठवड्याला पाच तास किंवा जास्त दमछाक करणारा व्यायाम करत असतील तर त्यांना दिवस राहायला वेळ लागत होता. वजन जास्त असलेल्यांमध्ये हा तोटा दिसला नाही. कारण वर आलेलंच: खर्च जास्त, आवक कमी. पाळी लांबू लागली, रक्तस्राव अगदी कमी झाला, सतत थकवा किंवा थंडी वाटू लागली, तर व्यायाम थोडा कमी करून जेवण वाढवा आणि तपासून घ्या.

बीज बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात कितीतरी जणी पाऊलही जपून टाकतात. त्याची गरज नाही. चालल्याने, जिने चढल्याने किंवा घरकामाने गर्भ रुजायचा राहत नाही. अपवाद आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा: त्यातल्या इंजेक्शनांनी बीजांडकोश फुगलेले असतात आणि ते पिळले जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवसांत उड्या आणि धावणं बंद ठेवून फक्त चालायचं.

हे तिचं एकटीचं काम नाही

दिवस राहत नसलेल्या जोडप्यांत बऱ्याचदा कारण पुरुषाकडे असतं, निदान त्याचा वाटा तरी असतो. धूम्रपान, दारू, लठ्ठपणा यांचा शुक्राणूंवर परिणाम होतो. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणू तयार होणंच थांबवू शकतात, आणि हे अनेकांना माहीत नसतं. उलट पुरुषांसाठीच्या महागड्या गोळ्यांकडून फार अपेक्षा नको. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत पुरुषांना फॉलिक ॲसिड आणि जस्त देऊनही जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली नाही.

आणि एक गोष्ट, जी कदाचित पहिल्यांदाच सांगायला हवी होती. बंद गर्भनलिका, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), वय, शुक्राणूंची कमतरता यांवर आहार हा इलाज नाही. जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतल्या कित्येक जणी उत्तम जेवत होत्या, नियमित चालत होत्या. पाळी आली की ‘त्या दिवशी मी केक खाल्ला म्हणून’ असा हिशेब मनात मांडणाऱ्या बाईला कोणीतरी जवळ बसून सांगायला हवं की तो हिशेब चुकीचा आहे.

डॉक्टरांकडे कधी

स्त्रीचं वय चाळिशीच्या आत असेल आणि दोन-तीन दिवसांआड संबंध येत असतील तर १०० पैकी ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षी. म्हणून वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष वाट पाहून जावं, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फार अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पोटाची किंवा बीजांडकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेवढंही थांबू नका. मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब, फिट्स यांची औषधं चालू असतील तर चान्स घेण्याआधीच भेटा, कारण काही औषधं बदलावी लागतात. मधुमेहात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्क्यांच्या आत आणून मग पुढे जायचा सल्ला दिला जातो. स्वतःहून मात्र कोणतंच औषध बंद करू नका.

जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पावडरींची यादी आणि जुने रिपोर्ट बरोबर न्या. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासायचं का, रुबेलाची लस झाली आहे का, हे तिथेच विचारा. रुबेलाची लस घेतली तर त्यानंतर महिनाभर थांबावं लागतं. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या. ती साधी आणि न दुखणारी आहे. तिचा निकाल उशिरा आला तर तुमच्याच तपासण्यांमध्ये विनाकारण महिने जातात.